गोडमावशीचा आवाज

तिला घरीदारी सगळे मैना म्हणत. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण लहानपणापासून ती कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची आणि थोरल्या भावाने चिडून ठेवलेलं हे नाव तिला जन्माचं चिकटलं. शाळेत मुख्याध्यापकांचा आवाज काढून तिने एकदा सगळ्या वर्गाला लवकर घरी पाठवलं होतं. आईने पाठीत धपाटा घातला आणि मग तोंडाला पदर लावून हसत बसली.

मोठेपणी मैना अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोनवर बसू लागली. काम असं, की समोरचा माणूस किंचाळत असतो, रडत असतो, पत्ता धड सांगत नसतो, आणि आपण त्याच्याकडून तो काढून घ्यायचा. बाकीच्यांना आवाज चढवावा लागे. मैना उलट आवाज खाली आणायची. "घाबरू नका, मी आहे ना," एवढंच ती अशा काही सुरात म्हणायची, की पलीकडचा माणूस श्वास घेई आणि मजला, गल्ली, खूण सगळं सांगून मोकळा होई. साहेब नव्या माणसांना तिच्या शेजारी बसवायचे. म्हणायचे, "पाणी नंतर पोचतं. आधी हिचा आवाज पोचतो."

सुट्टीच्या दिवशी ती एका ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे जायची. दुकानांच्या जाहिराती, उद्घोषणा, असलं किरकोळ काम. त्याच माणसाने तिला एकदा बोलावून घेतलं. परदेशातल्या एका बड्या स्टुडिओचा कार्टून सिनेमा येणार होता, आणि त्यातल्या खलनायिकेला आपल्या भाषेतला आवाज हवा होता. कितीतरी बायका येऊन गेल्या होत्या. साऱ्यांनी चेटकिणीसारखं खिदळून दाखवलं होतं.

स्टुडिओने पाठवलेला दिग्दर्शक म्हणाला, "भीती नकोय मला. माया हवीय. ही बाई दाराबाहेर उभी राहते आणि पोरं आपण होऊन दार उघडतात. तुम्ही तुमच्या कामात घाबरलेल्या माणसाला काय म्हणता?"

मैनाने भाबडेपणाने सांगितलं, "घाबरू नको बाळा, मी आहे ना."

दिग्दर्शकाने संहितेतलं वाक्य खोडून हेच लिहिलं आणि पुढे जोडलं, "दार उघड."

त्या बाईचं नाव गोडमावशी. गोष्ट साधीच होती. आईबाप घरात नसले की गोडमावशी दाराशी येते, गोड बोलते. पोर फसलं नाही, तर ती आवाज बदलते, पोराच्या आईच्याच आवाजात हाका मारते. दार उघडलं की पोर गायब. शेवटी सिनेमातल्या छोट्या नायिकेला उमगतं, की न घाबरता तिला तिच्या नावाने हाक मारून "उंबऱ्याबाहेर" म्हटलं की तिचं काही चालत नाही. गोडमावशी किंकाळी फोडते आणि मेणासारखी वितळून जाते.

सिनेमा लागला आणि बघता बघता घराघरांत शिरला. स्टुडिओने एकही जागा मोकळी सोडली नाही. दप्तरांवर गोडमावशी, डब्यांवर गोडमावशी, बिस्किटांच्या पुड्यावर गोडमावशी. पोट दाबलं की "दार उघड" म्हणणारी बाहुली निघाली. पोरं खडूने जमिनीवर रेघ मारायची आणि एकमेकांना "उंबऱ्याबाहेर" करायची. जेवत नसलेल्या पोराला आया दम द्यायच्या, "बोलावू का गोडमावशीला?" एका वर्तमानपत्राने तर अग्रलेखात सरकारलाच गोडमावशी म्हटलं, आणि सगळ्यांना अर्थ कळला.

मैनाचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. संध्याकाळी घरी येऊन कपाळाला हात लावायचा. "दिवसभर गाडीत तुझाच आवाज. घरी यावं तर इथेही तूच."

"मग जा की उंबऱ्याबाहेर," ती म्हणायची. दोघं हसायचे.

पण एक गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नव्हती. एकदा सोसायटीच्या जिन्यात एक छोटा मुलगा पडला, गुडघा फुटला. ती धावली, त्याला जवळ घेऊन सवयीने म्हणाली, "घाबरू नको बाळा..." तो मुलगा तिच्या हातातून निसटून, फुटक्या गुडघ्याने लंगडत, भिंतीला चिकटत वर पळाला. ती तशीच पायरीवर बसून राहिली. त्या दिवसापासून ती कामावर "बाळा" हा शब्द टाळायची. पण जिभेला वर्षानुवर्षांची सवय. ती अशी एका दिवसात थोडीच सुटते?

मग ती दुपार आली.

कक्षात कामाची गर्दी नव्हती. एका इमारतीतून शेजाऱ्याचा फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या बंद घरातून धूर येतोय. गाडी निघाली. ती वाटेत असतानाच मैनाच्या समोरचा दिवा पुन्हा लागला. तिने फोन घेतला. पलीकडे लहान मुलीचा आवाज होता, अगदी शहाण्यासारखा, शाळेत शिकवलेलं म्हणून दाखवावं तसा.

"आमच्या घरात आग लागलीय. स्वयंपाकघरात. आई खाली दुकानात गेलीय. तिचा फोन माझ्याकडे आहे."

पत्ता तिने चोख सांगितला. तीच इमारत, तोच मजला. मैनाने शेजारच्या सहकाऱ्याला खूण केली, घरात मूल आहे. तो गाडीला कळवू लागला.

"तू कुठल्या खोलीत आहेस?"

"झोपायच्या. दार लावलंय. खालून धूर येतोय." मुलीला खोकला आला आणि शहाणपण सरलं. ती रडू लागली.

आणि मैनाच्या तोंडून निघून गेलं, "घाबरू नको बाळा, मी आहे ना."

रडणं थांबलं. एकदम थांबलं. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"तू ती आहेस," मुलगी हळूच म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मैनाने लगेच उलट फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. तेवढ्यात बिनतारीवरून पथकप्रमुखाचा आवाज आला. गाडी पोचली होती. स्वयंपाकघर घराच्या मुख्य दाराला लागूनच, आग नेमकी तिथे, आत घुसायला वेळ लागणार. म्हणून त्यांनी झोपायच्या खोलीच्या खिडकीला शिडी लावली होती. खिडकीला जाड गज आणि जाळी. त्यांचा एक भाग दारासारखा उघडणारा होता, पण कडी आतून.

"पोरगी दिसली होती," प्रमुख म्हणाला. "आमचा माणूस खिडकीत आला आणि त्याला बघून पलंगाखाली शिरली. मुखवटा, टोपी, ती बिचारी घाबरणारच. गज कापायचं यंत्र वर चढवतोय. वेळ लागेल. खोलीत धूर भरतोय. तिला कडी काढायला लावा कुणीतरी."

साहेब केव्हा मागे येऊन उभे राहिले ते मैनाला कळलं नाही. ते म्हणाले, "आई कुठाय?"

आई खालीच होती. दोन बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. प्रमुखाने आपला फोन तिच्या हातात दिला, कक्षातून तो मुलीच्या फोनला जोडला गेला. या वेळी फोन उचलला गेला.

"ठके, आई बोलतेय गं," त्या बाईचा आवाज फाटला होता, तरी ती गोड बोलायचा आटापिटा करत होती. "पलंगाखालून बाहेर ये. खिडकी उघड, राणी. ते काका..."

मुलगी किंचाळली. "तू आईचा आवाज काढतेस. मला माहितीय. मी उघडणार नाही."

"ठके, मी खरंच..."

"नाही. नाही. नाही."

आई ओरडू लागली आणि तिच्या हातून फोन कुणीतरी काढून घेतला. पण मुलीने या वेळी फोन बंद केला नव्हता. किंवा तेवढं भान तिला उरलं नव्हतं. कानावर फक्त खोकला येत होता, आणि दर खोकल्यानंतरचा श्वास आधीच्यापेक्षा तोकडा.

सहकारी म्हणाला, "मी बोलू? पुरुषाचा आवाज..."

"काही उपयोग नाही," मैना म्हणाली. "कुणीही बोललं तरी तिला गोडमावशीच वाटणार. सिनेमात ती सगळ्यांचे आवाज काढते."

तिने डोळे मिटले. त्या क्षणी तिला ध्वनिमुद्रणाचा तो काचेचा कोंदट डबा आठवला आणि दिग्दर्शकाचं समाधानाने हललेलं डोकं. मग तिने फोनचं बटण दाबलं आणि जगातल्या सगळ्यात गोड आवाजात बोलू लागली.

"बरोबर ओळखलंस, ठके. मीच ती."

साहेबांनी तिचा खांदा पकडला. "काय करताय हे?"

तिने त्यांचा हात झटकला.

"मी गोडमावशी. दाराशी आले, खिडकीशी आले. हा सगळा धूरही माझाच." पलीकडे हुंदका. मैनाने आवाज जरासुद्धा हलू दिला नाही. "पलंगाखाली लपलीस होय? सगळी पोरं तिथेच लपतात. आणि मला एक शब्द सोडून कशाचीच भीती नाही. तो तुला कुठला येणार? तू तर इवलीशी."

कक्षात सगळ्यांचे हात जिथल्या तिथे थांबले होते. कानावर नुसता खोकला येत होता. मैना वाट बघत राहिली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं, पण ते म्हटलं तर पोर आणखी दबेल की उसळेल, कोण सांगणार? तिने तोंड बंद ठेवलं. तेवढं बंद ठेवणं तिला आयुष्यात कधी इतकं जड गेलं नव्हतं.

"गोडमावशी," मुलगी म्हणाली. घोगरं, जेमतेम ऐकू येईल असं. मग खोकली. मग पुन्हा, "गोडमावशी, उंबऱ्याबाहेर."

आणि मैनाने किंकाळी फोडली. काचेच्या डब्यात तिने ती कितीदा तरी फोडून दाखवली होती, पण अशी कधीच नाही. वरून खाली घरंगळत, विरत विरत, अगदी कुजबुजीपर्यंत. शेजारच्या खोलीतला शिपाई धावत आला.

मग शांतता. तिने एक श्वास घेतला आणि तिसराच आवाज काढला. हा काही सोंगाचा नव्हता. सकाळी नवऱ्याशी डबा आणि किल्ल्यांवरून हुज्जत घालतानाचा, खरखरीत, जरासा वैतागलेला, तिचा स्वतःचा आवाज.

"ए पोरी, अग्निशमन दलातून बोलतेय. कोण ओरडलं गं तिकडे?"

"...गोडमावशी."

"गेली का?"

"हो. मी घालवली."

"बरं केलंस. आमचा टोपीवाला तिलाच पकडायला खिडकीत आलाय, त्याचं काम तूच केलंस. आता तो बाहेर ताटकळलाय. जमिनीवरून सरपटत जा आणि त्याला कडी काढून दे. उभी राहू नकोस, धूर वर असतो."

काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग मुलगी थांबली. "ती परत येईल?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. मी सांगतेय ना. चल, कडी."

लोखंडाचा खडखडाट झाला. एकदा. पुन्हा एकदा. कडी गंजलेली असावी. मग काहीच ऐकू येईना. मैना टेबलाची कड घट्ट धरून बसली होती. बिनतारी खरखरली.

"पोरगी हातात आहे," प्रमुख म्हणाला. "खाली आणतोय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मैना उठली, बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली. परत आली तेव्हा दुसरा दिवा लागलेला होता. तिने तो फोन घेतला.

ठकी चार दिवस इस्पितळात राहिली आणि बरी झाली. गोष्ट इथेच संपली असती. पण कक्षात होणारं प्रत्येक बोलणं ध्वनिमुद्रित होतं, आणि कुणीतरी ते बाहेर सोडलं. आठवड्याच्या आत ते ज्याच्या त्याच्या फोनवर होतं. भाजीवाली ते ऐकून रडली आणि मैनाच्या पिशवीत उगाचच जास्तीची मिरची टाकली.

पहिला फोन स्टुडिओच्या वकिलाचा आला. गोडमावशीचा आवाज ही स्टुडिओची मालमत्ता आहे, परवानगीवाचून तो कुठेही वापरता येत नाही, असं तो थंडपणे म्हणाला. साहेबांनी फोन काढून घेतला आणि त्याला असं काही सुनावलं, की ते इथे लिहिण्याजोगं नाही.

पण दोनच दिवसांत वारं फिरलं. वकिलाच्या जागी एक हसतमुख बाई आली, स्टुडिओची प्रसिद्धी सांभाळणारी. सिनेमाचा दुसरा भाग येत होता. चौकाचौकांत फलक लागले होते, बंद दार आणि खाली एवढंच, "ती परत येतेय." प्रसिद्धीवाल्या बाईंच्या मनात मोठा समारंभ होता. अंधारात ते ध्वनिमुद्रण ऐकवायचं, मग दिवे लागतील, मंचावर एका बाजूने मैना येईल, दुसऱ्या बाजूने ठकी. ठकी सगळ्यांसमोर "उंबऱ्याबाहेर" म्हणेल. दुसऱ्या भागात आवाज अर्थातच मैनाचा.

"लोकांना तुम्ही आधीच आवडता," बाई म्हणाल्या. "आम्ही फक्त त्याला आकार देतोय."

साहेबांनाही वरून निरोप आला होता, की दलाचं नाव होतंय तर हरकत नसावी. ध्वनिमुद्रणवाल्याने तर हात जोडले. "मैना, हे लोक थांबणार नाहीत. तू नाही म्हणालीस तर दुसरी उभी आहे दारात."

मैना उठली आणि ठकीला भेटायला गेली.

मायलेकी सध्या ठकीच्या मामाकडे राहत होत्या. आईने दार उघडलं आणि मैनाचा पहिला शब्द ऐकूनच ती दचकली. मग ओशाळून तिने तिला आत घेतलं. कोपऱ्यात स्टुडिओने पाठवलेला खोका होता, न उघडलेला.

"ते इथेही येऊन गेले," आई म्हणाली. "चांगली माणसं होती, वाईट नाही म्हणत. पण फलक लागल्यापासून ही झोपत नाही. मला म्हणते, तू आई आहेस हे सिद्ध कर. रोज. रोज काय सिद्ध करू हो मी?"

ठकी दाराआडून बघत होती. सहा वर्षांची, कपाळावर खरचटल्याची पुसट होत आलेली खूण. मैनाने तिला जवळ बोलावलं नाही. आपल्याच खरखरीत आवाजात म्हणाली, "काय गं, कडी काढायला इतका वेळ?"

"गंजली होती," ठकी म्हणाली. मग बराच वेळ विचार करून, "तुम्ही म्हणालात ती कधीच येणार नाही. बाहेर लिहिलंय येतेय."

हजारो फलकांसमोर मैनाचा एक शब्द. ती म्हणाली, "बाहेर काय लिहायचं ते माझ्या हातात नाही. पण मी तिला माझा आवाज देणार नाही. एवढं माझ्या हातात आहे."

"मग ती बोलणार कशी?"

"ते त्यांचं ते बघतील."

पुढच्या बैठकीत ती एकदाच बोलली. "मी आवाज देणार नाही, मंचावर येणार नाही. आणि ते बोलणं त्या पोरीचं आहे, ते कुणी ऐकवायचं नाही. तिच्या आईचंही हेच म्हणणं आहे." प्रसिद्धीवाल्या बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळे तेवढे बदलले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी वरून आलेला निरोप क्षणभर मनात घोळवला असावा, कारण ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "कक्षातलं बोलणं समारंभात वाजवता येणार नाही. नियमच आहे तसा." तसा नियम खरोखर होता की नाही, हे मैनाने त्यांना कधी विचारलं नाही.

दुसरा भाग वेळेवर लागला. गोडमावशी दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात बोलली. तिने मैनाची नक्कल इतकी बेमालूम केली होती, की कुणालाच फरक कळला नाही. भाजीवाली म्हणाली, "या वेळी तर तुम्ही कमाल केलीत." नवऱ्याच्या व्हॅनमध्ये पोरं नवी वाक्यं म्हणू लागली.

मैना कक्षातच राहिली. लहान मुलाचा फोन आला, की ती आता सरळ खरखरीत आवाजात बोलते. नव्या माणसांना ते कडक वाटतं.

वर्षभराने ठकीची आई लेकीला घेऊन कक्ष दाखवायला आली. ठकी उंच झाली होती. आत येऊन ती वळली तेव्हा मैनाची नजर तिच्या पाठीवर गेली. नवंकोरं दप्तर, आणि त्यावर भली मोठी गोडमावशी, दात काढून हसणारी.

"हिनेच हट्ट केला," आई अपराध्यासारखी म्हणाली. "मामेभावंडांबरोबर सिनेमाला गेली, आणि आल्यापासून हेच. मी नको म्हटलं होतं."

कुणावर रागवावं हेच मैनाला कळेना. ठकीने दप्तर काढून टेबलावर ठेवलं, मैनाच्या खुर्चीत बसली, पाय हलवू लागली.

"भीती नाही वाटली?" मैनाने विचारलं.

"थोडी. मग मज्जा आली. तुम्ही बघितलात?"

"नाही."

"मग तुम्हाला नवीन येत नाही," ठकी म्हणाली. "म्हणा बघू."

मैनाने शेजारच्यांकडे पाहिलं. त्या दुपारनंतर तिने तो आवाज एकदाही काढला नव्हता. "घाबरू नको बाळा," ती अगदी हळू, ठकीच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता म्हणाली.

ठकीने नाक मुरडलं. "असं नाही. चुकलं. ती असं म्हणते, ऐका," आणि खुर्चीत ताठ बसून, त्या दुसऱ्या बाईच्या आवाजात, तिने ते मैनाला पहिल्यापासून शिकवायला घेतलं.